बांधावरची वाट

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

हल्ली आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेला एक शब्द आहे, 'लिमिट'. पोरगा रात्री उशिरा घरी आला की आई म्हणते, 'काही लिमिट आहे की नाही?' किराणा दुकानदार उधारीच्या वहीवर बोट ठेवून सांगतो, 'मामा, तुमची लिमिट संपली.' पीककर्जाला लिमिट, रस्त्यावर वेगाला लिमिट. हा शब्द इंग्रजीतून आला हे सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आला. लॅटिनमधला मूळ शब्द आहे 'लिमेस'. तो वाक्यात चालवला की त्याची 'लिमितिस', 'लिमितेम' अशी रूपे होतात. त्यातला 'त' आपल्या लिमिटमध्ये 'ट' होऊन बसला आहे.

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. लॅटिन काही मला येत नाही. पण शब्दांची घराणी धुंडाळण्याचा नाद आहे, म्हणून कोश उघडून बसतो. इतिहासाच्या पुस्तकांत लिमेस म्हणजे रोमन साम्राज्याची तटबंदीची सरहद्द, म्हणजे भिंत, खंदक, बुरूज आणि पहारे. मला वाटले होते की या शब्दाचे मूळही असेच काहीतरी दगडाचे, लोखंडाचे असेल. कोश मात्र वेगळेच सांगतो. लिमेस म्हणजे दोन शेतांच्या मधली नांगरायची राहिलेली पट्टी आणि तिच्यावरून जाणारी पायवाट. सरळ आपल्या भाषेत सांगायचे तर बांध आणि बांधावरची वाट.

एका पायवाटेची भिंत कशी झाली, आणि आपल्या बीड जिल्ह्याच्या मातीत त्याचे काय पडसाद आहेत, हे आज सांगायचे आहे.

आधी रोमची गोष्ट. रोमन लोक जिंकलेली जमीन आपल्या निवृत्त सैनिकांना आणि वसाहतकारांना वाटून देत. वाटपाआधी मोजणीदार येत. ते रानात काटकोनात रेघा आखून जमिनीचे चौकोन पाडत. एका चौकोनाची बाजू सुमारे ७१० मीटर आणि क्षेत्र साधारण सव्वाशे एकर. या चौकोनांच्या मधल्या रेघांना 'लिमितेस', म्हणजे लिमेसचे अनेकवचन, असे नाव होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या रेघेला रुंदी होती. ती कुणाच्याच मालकीची नसे, जाण्यायेण्यासाठी मोकळी सोडलेली असे. दर पाचवी रेघ बारा रोमन फूट, म्हणजे साधारण साडेतीन मीटर रुंद ठेवायची, असा ऑगस्टस बादशहाच्या काळचा नियम रोमन मोजणीदारांच्या लिखाणात आढळतो. म्हणजे रोमन माणसाच्या मनात 'हद्द' म्हटले की ज्यावरून बैलगाडी जाते अशी जमीन उभी राहत होती.

या हद्दीच्या दगडाचा त्यांचा एक देवही होता. त्याचे नाव तेर्मिनुस. आपण एस.टी.च्या शेवटच्या थांब्याला 'टर्मिनस' म्हणतो तो हाच. त्याचा सण २३ फेब्रुवारीला असे. त्या दिवशी दगडाच्या अलीकडचा शेतकरी अलीकडून हार घाली, पलीकडचा पलीकडून. दोघेही आपापली शिदोरी आणत आणि दोन्ही घरे दगडापाशी एकत्र जेवत. ओव्हिद या रोमन कवीने या सणाचे वर्णन करून ठेवले आहे.

हे वाचताना मला येळवस आठवली. लातूर-धाराशिवकडे आणि आपल्या जिल्ह्यात त्यांना लागून असलेल्या भागात वेळा अमावास्येला शेतकरी घरादारासह रानात जातो. कडब्याची कोप उभी राहते. भज्जी, आंबील, उंडे असा बेत असतो. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या माणसाला जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. तो कुणाचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही. माझ्या लहानपणी अब्बांबरोबर मी अशा कितीतरी कोपींमध्ये जेवलो आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा इटलीचा शेतकरी आणि आपला शेतकरी यांची कधी गाठ पडली नाही. पण बांधावर भांडण होते आणि बांधावरच जेवण व्हायला हवे, हे दोघांनाही कळले होते.

मग ही वाट भिंत कधी झाली? रोमन फौजा जर्मनीच्या घनदाट जंगलात शिरल्या तेव्हा त्यांनी झाडे तोडून सरळ लष्करी रस्ते काढले. त्यांनाही लिमेस हेच नाव मिळाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटी डोमिशियन बादशहाने असे १२० रोमन मैल लिमेस काढल्याची नोंद फ्रॉन्टिनस या लेखकाने केली आहे. पुढे त्या रस्त्यांच्या कडेने टेहळणीचे लाकडी मनोरे आले. हेड्रियन बादशहाच्या काळात, दुसऱ्या शतकात, ओंडक्यांचे कुंपण आले. नंतर खंदक आणि मातीचा बांध आला, काही ठिकाणी दगडी भिंतही आली. ऱ्हाइन नदीपासून डॅन्यूब नदीपर्यंतची ही सरहद्द सुमारे ५५० किलोमीटर लांब आहे. इंग्लंडमध्ये याच हेड्रियनने इसवी सन १२२ मध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंत भिंत बांधायला घेतली. तिची लांबी सुमारे ११७ किलोमीटर. युनेस्कोने १९८७ साली ही भिंत जागतिक वारसा म्हणून जाहीर केली आणि २००५ साली जर्मनीतील लिमेस तिच्याशी जोडला.

या भिंतींविषयी दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिली, हेड्रियनच्या भिंतीत दर रोमन मैलाला, म्हणजे दर दीड किलोमीटरला, एक छोटी गढी होती आणि तिला दार होते. ज्याला फक्त अडवायचे आहे तो इतकी दारे कशाला ठेवील? मोठी फौज चालून आली तर असल्या भिंतीने ती थांबणार नव्हती, हे रोमनांना कळत होते. कोण आला, काय घेऊन आला, जकात दिली की नाही, हे पाहण्यासाठी या भिंतीचा उपयोग होता. टॅसिटस हा इतिहासकार हेर्मुंदुरी नावाच्या एका जर्मन टोळीविषयी सांगतो की या लोकांना डॅन्यूब ओलांडून पहाऱ्याशिवाय कुठेही व्यापाराला येण्याची मोकळीक होती. बाकीच्यांना आपण आपली शस्त्रे दाखवतो, यांना मात्र आपली घरे उघडून दाखवतो, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. सरहद्द तीच, पण माणूस पाहून दार उघडायचे किती ते ठरत होते.

दुसरी गोष्ट शब्दाची. १८९२ साली जर्मनीत या सरहद्दीचे उत्खनन करण्यासाठी एक सरकारी आयोग नेमला गेला. थिओडोर मॉमसेन हे थोर इतिहासकार त्यामागे होते. त्या आयोगाच्या नावातच लिमेस होता आणि तेव्हापासून लिमेस म्हणजे तटबंदीची सरहद्द हा अर्थ पक्का झाला. पुढे बेंजामिन आयझॅक या अभ्यासकाने १९८८ साली जुनी लॅटिन वचने एकेक करून तपासली आणि दाखवले की खुद्द रोमन लेखक हा शब्द तटबंदी अशा अर्थाने वापरत नव्हते. आधी तो लष्करी रस्ता होता, मग साम्राज्याची सीमा, आणि चौथ्या शतकापासून सेनापतीच्या ताब्यातला सीमेवरचा मुलूख. म्हणजे भिंत रोमनांनी बांधली खरी, पण शब्दाच्या अर्थात ती आपण आधुनिक माणसांनी बांधली.

आता आपल्या शब्दांकडे येऊ. आपल्याकडे हद्दीसाठी शब्दांची वाण नाही. बांध, धुरा, शीव, वेस, कूस, हद्द, सरहद्द. प्रत्येकाचे घराणे वेगळे आहे.

'शीव' हा संस्कृत 'सीमा'चा मराठी अवतार. त्या सीमा शब्दाचा संस्कृतात एक जुना अर्थ आहे केसांतला भांग. गर्भवतीच्या भांगाचा संस्कार तो सीमंतोन्नयन, त्यातला सीमंत हाच. आईने मुलीचे केस विंचरताना काढलेली सरळ रेघ डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडचे केस एकाच डोक्याचे असतात. मधे फक्त एक मोकळी रेघ आहे. लॅटिनमध्ये हद्द म्हणजे शेतांमधली मोकळी पट्टी, संस्कृतात हद्द म्हणजे केसांमधली मोकळी रेघ. दोन्ही भाषांना हद्द म्हटल्यावर आधी भिंत आठवली नाही.

'हद्द' हा अरबी शब्द. त्याचा एक अर्थ तलवारीची धार. लोखंडाला अरबीत 'हदीद' म्हणतात, तोही याच धातूपासून. तेव्हा हद्द या शब्दाला जन्मतःच पाते आहे. त्याला फारसीतला 'सर', म्हणजे डोके, जोडला की 'सरहद्द' होते. हद्द आणि डोके एकत्र आले की काय होते, हे आपल्या उपखंडाला वेगळे सांगायला नको.

पण त्याच अरबीत एक दुसरा शब्द आहे, 'रिबात'. मोरोक्कोच्या राजधानीचे नाव रबात हे त्यावरूनच पडले. रिबातचा धातू म्हणजे 'बांधणे'. आपला 'बांध' हाही 'बांधणे' याच अर्थाच्या धातूतून आलेला. रिबात म्हणजे सरहद्दीवरची छोटी गढी, जिथे पहारेकरी राहत. काळ गेला, सरहद्दी पुढे सरकल्या आणि कित्येक रिबातांमध्ये व्यापारी उतरू लागले, फकीर-दरवेश राहू लागले. गढीची सराई झाली, खानकाह झाली. लिमेसचा प्रवास वाटेकडून भिंतीकडे झाला, रिबातचा भिंतीकडून मुक्कामाकडे. शब्दाला एकच दिशा असते असे नाही. माणसे वागतात तसा तो वळतो.

आता थेट बीडमध्ये या. आपल्या शहराला एके काळी कोट होता. आज कोट बहुतेक गेला, पण कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे पत्ता सांगताना रोज तोंडात येतात. भिंत पडली आणि दार राहिले. गावोगावी हेच दिसेल. गावकुसाची माती कधीच विरघळून गेली, पण वेस उभी आहे, वेशीतला मारुती आहे. लोकांनी भिंतीची डागडुजी सोडून दिली, पण दाराला चुना लावत राहिले. यात लोकांचा कौल आहे असे मला वाटते.

बालाघाटाच्या डोंगरावरचा धारूरचा किल्ला हा आपल्या जिल्ह्यातला खरा लिमेस. सोळाव्या शतकात हा मुलूख अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या मधल्या ओढाताणीचा होता. १५६७ च्या सुमारास विजापूरचा सरदार किश्वरखान याने येथे किल्ला बळकट केला. थोड्याच काळात मुर्तजा निजामशहाने तो घेतला आणि त्या लढाईत किश्वरखान मारला गेला. पुढे १६३१ मध्ये मोगलांचा सरदार आझमखान याने तो जिंकला. तो काळ दख्खनच्या भीषण दुष्काळाचा होता. साठ-पासष्ट वर्षांत तीन सत्तांनी ही भिंत आपली म्हटली. त्या तिन्ही सत्ता आज नाहीत. धारूरचा घाट मात्र आहे, आणि त्यातून माणसांची ये-जा चालू आहे.

भिंतींविषयी बोलताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. गावकूस ही आपल्या गावांची सर्वात जुनी तटबंदी. जुन्या बलुतेदारीच्या व्यवस्थेत वेशीची राखण करणारा 'वेसकर' महार समाजातला असे. रात्री वेस लावायची, सकाळी उघडायची, आलागेला पाहायचा. शेताच्या आणि शिवेच्या हद्दीवरून तंटा झाला की खुणा कुठे आहेत हे सांगण्याचे कामही त्याचेच, आणि त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. म्हणजे साऱ्या गावाची हद्द ज्याला पाठ होती, गावाचे दार ज्याच्या भरवशावर होते, त्याचे स्वतःचे घर मात्र त्या दाराच्या बाहेर होते. हे लोक गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ सालच्या ग्रंथात मुळापासून विचारला. 'गावकुसाबाहेर' हा शब्द मराठीत आज कूस उरली नसतानाही जिवंत आहे. मातीची भिंत पावसाने पडते. शब्दातली भिंत पाडायला माणसेच लागतात.

भिंत दगडाचीच लागते असेही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरची जकात चुकू नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत अडीच हजार मैलांच्या आसपास जकातीची रेघ ओढली होती. मोठ्या भागात ती बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांची जिवंत कुपाटी होती. सुमारे बारा हजार माणसे तिच्यावर पहारा करीत. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम काही काळ या खात्याचे आयुक्त होते. १८७९ साली ती रेघ मोडीत काढली. आज ती कुपाटी जवळजवळ नाहीशी झाली आहे. चिमूटभर मिठासाठी इतके काटे लावले होते, यावर विश्वास बसत नाही.

आपला जिल्हाही १९४८ पर्यंत अशाच एका रेघेच्या काठावर होता. बीड निजामाच्या राज्यात आणि शेजारचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा, इंग्रजी अमलात. आष्टी-पाटोद्याच्या लोकांचे बाजार पलीकडे, सोयरिकी पलीकडे. मधे निजामाच्या जकात खात्याचे, म्हणजे करोडगिरीचे नाके. इकडचा रुपया हाली, तिकडचा कलदार. हैदराबाद मुक्तिसंग्रामात याच हद्दीच्या पलीकडे कार्यकर्त्यांनी तळ टाकले आणि तेथून संग्राम चालवला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. आज त्या हद्दीवरून जाताना रस्त्याकडेची पाटी सोडली तर काही कळत नाही.

एवढ्या मोठ्या सरहद्दी पुसल्या गेल्या. पण आपल्या शेताच्या बांधाचे काय? मला आज जे सांगायचे आहे ते खरे तर इथे आहे.

आपल्याकडे 'बांध कोरणे' असा शब्द आहे. नांगरताना दरवर्षी चार बोटे बांध आपल्याकडे ओढायचा. चार बोटांनी कुणी श्रीमंत होत नाही, पण दहा वर्षांत बांध नाहीसा होतो. आमच्या अब्बांचे शेत आणि शेजारच्या नानांचे शेत यांच्यामध्ये एक चांगला रुंद बांध होता. त्यावर दोन बाभळी आणि एक बोर. त्यावरून आमच्या पलीकडे शेत असलेल्या एक अक्का जात-येत. त्यांचे मालक लवकर गेले होते. पोर लहान होते. शेत तीन एकर, आणि त्या शेताला दुसरी वाट नव्हती.

अब्बांनी थोडा बांध कोरला की नानांनी, यावर दोन्ही घरांत आजही दोन मते आहेत. मी माझ्या बापाची बाजू घेणार नाही. दोघांनीही कोरला असणार. एका पावसाळ्यात बांध इतका अरुंद झाला की गाडी सोडाच, डोक्यावर ओझे घेतलेली बाई तिथून नीट चालू शकत नव्हती. बोर तोडली गेली, तिच्या बुडाशी असलेला हद्दीचा दगड दिसेनासा झाला. बोलणे बंद झाले. येळवशीला आमची कोप वेगळी, नानांची वेगळी, आणि मधून जाणाऱ्याने कोणत्या कोपीत जेवायचे याचा पेच.

भांडण दोघांचे होते, पण अडकले ते अक्कांचे शेत. त्या वर्षी त्यांचा कापूस वेचून पडला आणि तो गाडीत घालून न्यायला वाट नव्हती. अब्बा म्हणायचे, नानांच्या अंगाने जा. नाना म्हणायचे, भाईंच्या अंगाने जा. अक्कांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. तारखा पडल्या, पाहणी झाली, पुन्हा तारखा पडल्या. दोन पावसाळे गेले. शेवटी मोजणी झाली, दगड सापडला आणि वाट मोकळी करण्याचा हुकूम आला. त्या दिवशी बांधावर उभे राहून अब्बा म्हणाले, 'नाना, बांध तुमचा म्हणा नाहीतर माझा म्हणा, वाट ठेवू.' नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'भाई, आपुन दोघं चुकलो. वाटच नसंल तर बांध कशाला ठिवायचा?' दोघांनी आपापल्या अंगाची जमीन सोडली.

पण तोपर्यंत अक्कांनी शेत बटईने देऊन टाकले होते, आणि त्या पोराला घेऊन ऊसतोडीला गेल्या होत्या. दसऱ्याला आपण शीव ओलांडून सोने लुटतो, त्याला सीमोल्लंघन म्हणतो. आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसे दसरा-दिवाळीच्या पुढेमागे कोयता घेऊन शीव ओलांडतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडात जातात. ते सीमोल्लंघन सगळेच हौसेने करीत नाहीत. त्यातले एक कुटुंब आमच्या बांधाने पाठवले, हे अब्बा शेवटपर्यंत विसरले नाहीत.

पुढे कायद्याची पुस्तके चाळताना मला एक गोष्ट सापडली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. शेताला जाण्यासाठी दुसऱ्या शेतांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट मिळण्याचा हक्क या कलमात आहे. त्याची चौकशी करून निर्णय देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. पूर्वीची वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. अलीकडे, मे २०२५ मध्ये, राज्य सरकारने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद ठेवण्याचा आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात घेण्याचा निर्णय काढला. रोमन मोजणीदारांची बारा फुटांची वाट आठवते ना? तीही साडेतीन मीटरचीच. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन सरकारांना सारख्याच रुंदीची वाट सोडाविशी वाटली, कारण गाडीला लागणारी जागा तेवढीच असते.

तेव्हा लिमेस या शब्दाने मला शिकवले ते असे. हद्द असू नये असे मी म्हणत नाही. हद्दीशिवाय शेत नाही, घर नाही, कवितेची ओळसुद्धा नाही. पण हद्दीचा जन्म जाण्यायेण्यासाठी झाला आहे. ती दोघांच्या मधली असते, म्हणून दोघांपैकी एकाचीही पूर्ण नसते. ती अरुंद होत गेली की आधी तिसऱ्याची वाट जाते. मग आपलीही जाते, फक्त ते आपल्याला उशिरा कळते.

यंदा पेरणीच्या आधी एकदा आपल्या बांधावरून चालून पाहा. डोक्यावर ओझे घेतलेली बाई त्यावरून जाऊ शकते का, एवढेच पाहा. जाऊ शकत नसेल, तर नांगर चार बोटे अलीकडे धरा.

आमच्या बांधावर आता नवी बोर आली आहे, कुणी न लावता. नानांचा नातू आणि माझा पुतण्या तिची बोरे दोन्ही बाजूंनी पाडतात. दगड तिच्या सावलीत आहे. वाट चालू आहे.